पुराव्यावाचून श्रद्धा : म्हैसूरच्या ख्रिस्ती इतिहासातील तीन प्रसंग

नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा आरंभ श्रद्धेच्या व्याख्येने होतो. या व्याख्येतील एक ग्रीक शब्द भाषांतरकारांना नेहमीच अडचणीचा ठरलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘एलेंखोस’. मुळात हा वादसभेतला आणि न्यायसभेतला शब्द. प्रमाण, पुरावा, उलटतपासणीत टिकून राहिलेली गोष्ट, असे त्याचे अर्थ होतात. मराठी भाषांतरात त्याच्या जागी ‘खातरी’ हा शब्द आलेला आहे. पुरावा हा माणसाच्या बाहेर असतो, तो दुसऱ्याला दाखविता येतो. खातरी ही माणसाच्या आत असते आणि ती दाखविता येत नाही. ग्रीक शब्दाचा मराठीत आलेला हा अवतार म्हणजे भाषांतरातील उणीव आहे, की ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप मराठी भाषांतरकारांनी अधिक जवळून ओळखले आहे, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. श्रद्धेला पुरावा हवा काय, आणि नसल्यास तिला आधार कशाचा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्याची चर्चा विपुल केली आहे. परंतु इतिहासात असे प्रश्न वादाने सुटत नाहीत, प्रसंगाने सुटतात. तसे तीन प्रसंग म्हैसूर आणि श्रीरंगपट्टण यांच्या परिसरात, सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या अवधीत घडून आले. त्यांपैकी पहिल्याशी मराठी वाङ्मयाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

इसवी सन १७८४ मध्ये, इंग्रजांशी चाललेल्या दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस, टिपू सुलतानाने कॅनरा किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाला बंदी करून घाटावर श्रीरंगपट्टणास नेले. या लोकांनी इंग्रजांना साहाय्य केले, असा त्याला संशय होता. हा समाज बहुतांशी गोव्याहून दक्षिणेकडे आलेल्या कोंकणीभाषी कुटुंबांचा होता. त्यांची चर्चे पाडण्यात आली, जमिनी गेल्या, धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. हजारो माणसे डोंगरवाटांनी चालविण्यात आली आणि त्यांतील कित्येक वाटेतच मरण पावली. श्रीरंगपट्टणात अनेकांवर धर्मांतराची सक्ती झाली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा या बंदिवासाला पंधरा वर्षे होऊन गेली होती.

या पंधरा वर्षांत त्यांच्यापाशी धर्माचे कोणतेही दृश्य चिन्ह उरले नव्हते. चर्च नव्हते, वेदी नव्हती, संस्कार देणारा धर्मगुरू नव्हता. रोमन कॅथलिक धर्मजीवन संस्कारांच्या भोवती उभे असते. ते संस्कारच थांबले. सुटका होईल असे मानण्यास आधार नव्हता, आणि इतक्या दूरवर आपली आठवण कोणाला आहे हे कळण्यासही मार्ग नव्हता. अशा स्थितीत या लोकांना धीर दिला तो ‘ख्रिस्तपुराणा’च्या पठणाने, असे कॅनरातील ख्रिस्ती परंपरा सांगते.

फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट. त्यांनी मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण रचले आणि ते १६१६ मध्ये साष्टी प्रांतातील रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तथापि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या रूपाने, आणि ही हस्तलिखिते प्रामुख्याने कॅनरातील घरांतून जपली गेली. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत जी आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखितांच्याच आधारे. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढलेल्या देवनागरी आवृत्तीमुळे मराठी वाचकाला हा ग्रंथ सुलभ झाला.

वाङ्मयेतिहासकाराच्या दृष्टीने ही हकीकत विचार करण्याजोगी आहे. मुद्रणालयाने केलेले काम नष्ट झाले आणि घरोघर बसून वाचणाऱ्या, गाणाऱ्या, उतरून घेणाऱ्या माणसांनी केलेले काम टिकले. ओवी ही लिहिण्यापेक्षा म्हणण्यासाठी जन्मलेली. जात्यावर, पाळण्यापाशी, कीर्तनात ती सहज येते आणि ग्रंथ हाती नसला तरी जिभेवर राहते. स्टीफन्स यांनी लॅटिन महाकाव्याचा साचा न घेता मराठी पुराणाचा साचा घेतला, याची चर्चा आजवर मुख्यतः भाषिक समन्वयाच्या अंगाने झाली आहे. श्रीरंगपट्टणच्या बंदिवासाकडे पाहिले म्हणजे त्या निवडीचे आणखी एक मोल ध्यानात येते. आगीत जळणार नाही आणि जप्त करता येणार नाही, असे काहीतरी या ओवीने त्या लोकांच्या हाती दिले होते. तो पुरावा खासच नव्हता. पुराणातील ओव्यांनी कोणाचीही सुटका सिद्ध होत नव्हती. पण रोज म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांनी माणसे सुटकेच्या दिवसासाठी तयार राहत होती, आणि तो दिवस उजाडला तेव्हा त्यांतील पुष्कळजण आपल्या समाजात परतले. पंधरा वर्षांत मनाची ती तयारी मोडली असती, तर परतणारे कोणी उरलेच नसते.

परतणाऱ्यांची व्यवस्था लावण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते धर्मगुरू म्हणजे या इतिहासातील दुसऱ्या प्रसंगाचे नायक. आबे झां-आंत्वान द्युब्वा हे पॅरिसच्या परदेशी धर्मप्रसार संस्थेचे पाद्री १७९२ मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांती चालू असता, हिंदुस्थानात आले. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तेथील विस्कटलेला ख्रिस्ती समाज पुन्हा उभा करण्यासाठी त्यांना बोलाविण्यात आले. त्यांनी येथील पोशाख आणि आहार स्वीकारला, निराधार ख्रिस्ती कुटुंबांसाठी सातहळ्ळी येथे शेतीची वसाहत केली आणि देवीची लस टोचण्याच्या कामी पुढाकार घेतला. म्हैसूरचे रेसिडेंट मार्क विल्क्स यांच्या द्वारे त्यांचे हिंदूंच्या आचारविचारांवरील हस्तलिखित कंपनी सरकारकडे गेले. ते दोन हजार पॅगोडांना विकत घेण्यात आले आणि १८१६ मध्ये लंडनला इंग्रजीत प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षदर्शी माणसाचा साक्षीपुरावा म्हणून त्या ग्रंथाची ख्याती पुढे शतकभर राहिली.

ही ख्याती विसाव्या शतकात डळमळली. सिल्व्हिया म्यूर या फ्रेंच विदुषींनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, या ग्रंथाचा फार मोठा भाग पाँडिचेरीचे जेझुइट पाद्री गास्तों-लॉरां केर्दू यांच्या १७७७ च्या सुमाराच्या हस्तलिखितावर आधारलेला आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते ज्यांनी विल्यम जोन्स यांच्याही आधी ओळखले होते, तेच हे केर्दू. म्हणजे ज्या ग्रंथामुळे द्युब्वा यांचे नाव झाले, त्यातील साक्ष बऱ्याच अंशी उसनी होती. वाङ्मयीन सचोटीच्या दृष्टीने हा दोष लहान नाही, आणि तो झाकण्याचे कारणही नाही. श्रद्धेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र द्युब्वा यांचे महत्त्व त्यांच्या दुसऱ्या, कमी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात आहे. आणि त्यातले काहीही उसने नाही.

हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयीची त्यांची पत्रे १८२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी निःसंकोचपणे लिहिले की, हिंदूंचे ख्रिस्ती धर्मात परिवर्तन होणे मनुष्यसाध्य राहिलेले नाही. इतक्या वर्षांच्या सेवेत आपल्या हातून, एका एतद्देशीय सहकाऱ्याच्या मदतीने, दोन-तीनशेच माणसे ख्रिस्ती झाली. आणि त्यांतील बहुतेकांना श्रद्धेपेक्षा गरजेने आणले, असा हिशेब त्यांनी मांडला. प्रॉटेस्टंट मंडळींत यामुळे मोठा क्षोभ झाला. जेम्स हफ आणि हेन्री टाउन्ली यांनी १८२४ मध्येच स्वतंत्र पुस्तके लिहून त्यांना उत्तरे दिली. ज्याला यशाची आशा नाही त्याने प्रसाराच्या कार्यावर बोलू नये, असा या रोषाचा सूर होता.

परंतु टीकाकारांनी पुरेसे ध्यानात घेतले नाही ते असे की, हा निष्कर्ष ज्याने काढला तो माणूस तो काढीत असतानाही एकतीस वर्षे आपल्या जागी होता. फळाचा पुरावा नसताना त्याने पेरणी थांबविली नाही; आणि फळ आले आहे असा खोटा पुरावाही त्याने तयार केला नाही. धर्मप्रसाराच्या वृत्तांतांत आकड्यांना असलेला मान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दुसऱ्या गोष्टीचे मोल कळेल. १८२३ मध्ये ते पॅरिसला परतले, आपल्या संस्थेच्या कामात राहिले, पंचतंत्राच्या कथांचे फ्रेंच भाषांतर १८२६ मध्ये प्रसिद्ध केले आणि १८४८ मध्ये वारले. त्यांच्या निराशेने त्यांची निष्ठा मोडली असे या चरित्रात कोठेही दिसत नाही.

याच्या शेजारी त्याच काळातील मुंबई इलाख्यातील वाद ठेवून पाहावेत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात झालेला वाद, किंवा १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेले वाद, यांत दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होते : धर्म हा प्रमाणांनी सिद्ध किंवा असिद्ध करता येतो. चमत्कार झाले की नाहीत, भविष्ये खरी ठरली की नाहीत, कोणाचे ग्रंथ अधिक सुसंगत, यांवर सारा भर होता. या वादांनी मराठी गद्याला धार दिली, हे त्यांचे वाङ्मयीन ऋण मान्य केलेच पाहिजे. पण न्यायसभेत जिंकलेला माणूस देवघरातही स्थिर असेलच असे नाही, हे त्यांतून सुटून गेले. म्हैसूरच्या तिसऱ्या प्रसंगात नेमकी हीच गोष्ट कसोटीला लागली. कारण येथे पुरावा प्रथम दिला गेला आणि मागाहून काढून घेण्यात आला.

मे १८०२ मध्ये रोम येथील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत एक थडगे उघडण्यात आले. त्याचे तोंड तीन भाजक्या फरशांनी बंद केलेले होते. फरशांवर लाल अक्षरे होती. आहे त्या क्रमाने वाचल्यास त्यांचा अर्थ लागत नव्हता. पहिली फरशी शेवटी नेली म्हणजे ‘फिलुमेना, तुला शांती असो’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य तयार होत होते. शेजारी नांगर, बाण आणि ताडाची फांदी ही चिन्हे होती. आत एका किशोरवयीन मुलीच्या अस्थी आणि एक काचेची कुपी सापडली. कुपीतील अंश रक्ताचा समजण्यात आला आणि ती मुलगी धर्मासाठी हुतात्मा झाली असे ठरले. १८०५ मध्ये या अस्थी नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेण्यात आल्या. १८३३ मध्ये एका नेपल्सवासी जोगिणीने साक्षात्कारात ऐकलेले म्हणून तिचे चरित्र सांगितले. त्यात ती ग्रीक राजकन्या होती. डायोक्लेशन बादशहाची मागणी तिने नाकारली, म्हणून तिला नांगर बांधून नदीत टाकले, बाण मारले आणि शेवटी तिचा शिरच्छेद केला. फरशीवरील प्रत्येक चिन्हाला या चरित्रात एकेक प्रसंग मिळालेला आहे, हे चिकित्सक वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. १८३५ मध्ये पोलिन जारिको ही फ्रेंच स्त्री तिच्या समाधीपाशी असाध्य दुखण्यातून बरी झाल्याचा बोलबाला झाला, आणि १८३७ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिच्या सार्वजनिक उपासनेस मान्यता दिली. आर्स गावचे प्रख्यात धर्मगुरू जॉन व्हियाने हे तर आपल्या हातून घडलेल्या साऱ्या चमत्कारांचे श्रेय तिलाच देत.

फ्रेंच पाद्र्यांच्या संस्थेमार्फत वाढलेल्या म्हैसूरच्या ख्रिस्ती समाजात ही भक्ती रुजावी यात नवल नाही. म्हैसूरमध्ये १८४३ सालचे एक लहान चर्च होते. महाराजांच्या सेवेतील अधिकारी थंबू चेट्टी यांना १९२६ मध्ये पोपचे प्रतिनिधी पीटर पिसानी यांच्याकडून संत फिलोमिनाचा अवशेष मिळाला. तो ठेवण्यासाठी तिच्या नावाचे मोठे चर्च बांधावे अशी कल्पना निघाली आणि महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी तिला आश्रय दिला. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी त्यांच्याच हस्ते पायाभरणी झाली. डेली या फ्रेंच वास्तुकाराने जर्मनीतील कोलोनच्या चर्चचा आदर्श समोर ठेवून आराखडा केला. गॉथिक पद्धतीचे, १७५ फूट उंचीच्या दोन मनोऱ्यांचे हे मंदिर आज संत जोसेफ आणि संत फिलोमिना यांच्या नावाने ओळखले जाते. अवशेष आणि संत फिलोमिनाची मूर्ती त्याच्या तळघरात आहे. एका हिंदू राजाच्या औदार्याने एका रोमन मुलीचे मंदिर कावेरीच्या खोऱ्यात उभे राहिले, ही घटना मोठी खरीच.

पण पायाभरणीपूर्वी एकोणतीस वर्षे, १९०४ मध्ये, रोमचे पुरातत्त्वज्ञ ओराझिओ मारुक्की यांनी या पुराव्याचा पायाच उकरला होता. भुयारांत जुन्या थडग्यांच्या फरशा नव्या थडग्यांना वापरण्याची चाल होती, आणि फरशी पुन्हा वापरताना जुना लेख लागू नाही हे कळावे म्हणून तिचा क्रम मुद्दाम मोडीत. तेव्हा फरशा दुसऱ्या शतकातील फिलुमेनेच्या; पण आतील अस्थी नंतरच्या काळातील कोण्या दुसऱ्याच मुलीच्या, असे त्यांचे अनुमान होते. कुपीत रक्त नसून सुगंधी द्रव्य असावे, आणि अशी कुपी किंवा ताडाची फांदी हे हौतात्म्याचे निश्चित चिन्ह नव्हे, असे इतर संशोधकांचे मत झाले. १४ फेब्रुवारी १९६१ रोजी रोमच्या धर्मविधिमंडळाने तिचा ११ ऑगस्टचा उत्सव सर्व पंचांगांतून काढून टाकण्याचा आदेश दिला.

या आदेशाचा नेमका अर्थ पाहणे अवश्य आहे. फिलोमिना नावाची हुतात्मा कन्या नव्हती, असे रोमने म्हटले नाही. ती होती असे म्हणण्यास आवश्यक तो पुरावा नाही, एवढेच त्यातून निघते. खासगी भक्तीला बंदी झाली नाही. प्रमाणाभाव आणि अभावाचे प्रमाण यांतील फरक आपल्याकडील नैयायिकांना अपरिचित नाही. येथे इतिहासकाराने आपले काम चोख केले, आणि धर्मसंस्थेने ते मान्य करून आपल्या पंचांगावर दुरुस्ती केली, ही गोष्ट तिला कमीपणा आणणारी नाही. द्युब्वा यांच्या पत्रांत जी सचोटी दिसते तीच येथे संस्थेच्या पातळीवर दिसते.

म्हैसूरला मात्र हा प्रश्न अधिक जवळचा होता. पंचांगातील ओळ खोडता येते. दोन मनोऱ्यांचे मंदिर खोडता येत नाही. त्या मंदिराचे नाव टिकले आणि तळघरात जाणारी माणसेही थांबली नाहीत. याचे स्पष्टीकरण केवळ अज्ञान किंवा सवय एवढेच देणे सोपे आहे; पण ते अपुरे आहे. अस्थी कोणाच्या, हा प्रश्न घेऊन तळघरात उतरणारा माणूस विरळा. तेथे येणारा आजारी मूल, रखडलेले लग्न, घरातील मरण असे काहीतरी घेऊन येतो. त्याला फरशीचा क्रम ठाऊक नसतो, आणि ठाऊक झाला तरी त्याचे मागणे खोटे होत नाही. तरीही या माणसाच्या बाजूने बोलताना एक मर्यादा सांगितली पाहिजे. पुराव्यावाचून श्रद्धा ठेवणे वेगळे आणि पुराव्याविरुद्ध हट्ट धरणे वेगळे. जोगिणीने सांगितलेले चरित्र इतिहास म्हणून पुन्हा पुन्हा छापणे हा दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि त्याने श्रद्धेचे रक्षण होत नाही. उलट, ती एका फरशीवर अवलंबून असल्याची कबुलीच दिली जाते.

मग फरशी गेल्यावर उरते ते काय? मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. वर येण्यास उशीर होतो, सगळ्याच झोपी जातात, मध्यरात्री हाक येते. पाचजणींच्या दिव्यांत तेल असते, पाचजणींच्या नसते. आणि शहाण्या कुमारिका आपले तेल दुसऱ्यांना देत नाहीत. हा नकार वाचकाला कठोर वाटत आला आहे. पण तेल म्हणजे मनाची तयारी असा अर्थ घेतला म्हणजे तो कठोर राहत नाही. ती वस्तूच देण्याजोगी नसते. पुरावा उसना घेता येतो. अवशेष रोमहून मिळतो, साक्षीचा ग्रंथ दुसऱ्याच्या हस्तलिखितावरून तयार होतो, वादातील युक्तिवाद गुरूकडून शिकता येतो. जागे राहणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. पतीचे पांडित्य हाताशी असूनही त्यांनी आपल्या दिव्यासाठी त्याचे तेल घेतले नाही, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला सांगावयास नको.

मराठी कानाला या दृष्टांतातील लग्नघर परके नाही. आपल्या मंगलाष्टकांच्या शेवटी जो शब्द येतो तो ‘सावधान’. तो ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही कथा इतिहासकाराला सिद्ध करता आलेली नाही. तरी त्या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला त्याच कथेने शिकविला. त्या अर्थात निष्कर्ष नाही, अवधान आहे. श्रीरंगपट्टणचे बंदी, द्युब्वा आणि तळघरातील उपासक यांच्यापैकी कोणापाशीही न्यायसभेत टिकेल असा ‘एलेंखोस’ नव्हता. पहिल्यांकडे सुटकेचा पुरावा नव्हता, दुसऱ्याकडे फळाचा नव्हता, तिसऱ्याकडून इतिहासाचा काढून घेण्यात आला. तिघांकडे होते ते अवधान, आणि त्यावर ते उभे राहिले. मराठी भाषांतरकारांनी ‘पुरावा’ हा शब्द बाजूस ठेवून ‘खातरी’ हा शब्द घेतला तेव्हा ग्रीक कोशाच्या दृष्टीने त्यांनी काहीशी सवलत घेतली असेल. पण म्हैसूरच्या या इतिहासाची साक्ष काढली, तर ती त्यांच्याच बाजूने पडते.